गरोदर बाई जिल्हा बदलते, तिची नोंद बदलत नाही : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

उपचार नसतील तर आईकडून बाळाला एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. औषधं वेळेवर आणि न चुकता घेतली तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. तपासणी उपकेंद्रापर्यंत पोचली आहे, टीएलडीची (एचआयव्हीवरची तीन औषधं एकत्र असलेली) गोळी मोफत आहे. तरी साखळी तुटते, आणि ती बहुतेकदा जिल्ह्याच्या हद्दीवर तुटते.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात बाई निघते. बीडची ऊसतोड जोडी दिवाळीच्या आगेमागे सांगली, कोल्हापूर नाहीतर थेट कर्नाटक गाठते. तिच्या एचआयव्हीची नोंद मात्र मूळ तालुक्याच्या आयसीटीसीतच (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रातच) राहते. नव्या प्रसूतिगृहाला काही ठाऊक नसतं, आणि सासू शेजारी उभी असताना बाई स्वतः कसं सांगणार?

नेमका याच काळात, ३२ ते ३६ आठवड्यांत, व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत ते पाहणारी तपासणी, करायचा असतो. तो मिलीमागे १,००० प्रती किंवा त्याहून जास्त आला तर बाळ जास्त जोखमीचं ठरतं. मग लागण टाळायला बाळाला नुसतं नेव्हिरापीन हे औषध पुरत नाही. जोडीला झिडोवुडीन लागतं, आणि बाळ अंगावर पीत असेल तर दोन्ही १२ आठवडे. अहवाल जुन्या केंद्रात येऊन पडला, तर हा निर्णय घेणार कोण?

जन्मानंतर नेव्हिरापीनचा पहिला डोस शक्य तितक्या लवकर द्यायचा असतो. सिरपच्या १ मिलीत १० मिग्रॅ औषध असतं. अडीच किलोवरच्या बाळाला दीड मिली, दोन ते अडीच किलोच्या बाळाला १ मिली, त्याखाली किलोमागे २ मिग्रॅ, दिवसातून एकदा. बाटली आयसीटीसीच्या कपाटात, समुपदेशक शनिवारी संध्याकाळी घरी गेलेले, बाळ रविवारी पहाटे जन्मलेलं : हे टाळायला दोन बाटल्या लेबर रूममध्येच ठेवा आणि पाळी बदलताना सिस्टरांनी त्या मोजून घ्याव्यात. सोबत बिनसुईची सिरिंज हवीच. चमच्यानं पाजलं तर ५ मिलीचा चमचा भरला की डोस तिपटीहूनही जास्त होतो.

आणखी एक गोष्ट कागदावर बारीक वाटते, पण तशी नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी टीएलडीसोबत घेतल्या तर तिच्यातलं डोल्युटेग्राव्हिर हे औषध नीट अंगी लागत नाही. टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी, नाहीतर जेवणासोबत. गरोदर बाईला लोह-कॅल्शियम देते एएनएम (आरोग्यसेविका), टीएलडी मिळते एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात. दोन्ही पिशव्या एकत्र उघडून वेळापत्रक लावून देणं हे कुणाचंच काम ठरलेलं नाही. ते ठरवून द्या.

माहेरी बाळगुटी आणि मध चाटवतात. पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध चालतं. त्यात वरचं काही मिसळलं की बाळाच्या आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि धोका वाढतो. हे आजीला समजावताना आईचं निदान सांगावं लागत नाही, कारण सल्ला सगळ्याच बाळांना तोच आहे.

सहा आठवड्यांनी बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब गाळणकागदावर पीसीआरसाठी, म्हणजे बाळाला लागण झाली का ते पाहणाऱ्या चाचणीसाठी, जातात. कागद उन्हात वाळवला किंवा ओलाच पाकिटात घातला की नमुना बाद. पेंटाव्हॅलंटचा पहिला डोसही तेव्हाच असतो, म्हणून आई लस द्यायला आली त्याच दिवशी नमुना घ्या. तिचं गाव कुठलं, हे नंतर पाहू.

म्हणून मागणी अशी. बाईच्या लेखी संमतीनं जुन्या समुपदेशकानं नव्या समुपदेशकाला फोन करावा, एचआयव्हीच्या नोंदींच्या 'सोच' या संगणक प्रणालीत नोंद पाठवावी, आणि ती नव्या केंद्रात प्रत्यक्ष भेटेपर्यंत जबाबदारी जुन्या केंद्राचीच राहावी. माता-बाल कार्डावर किंवा केसपेपरवर एचआयव्ही उघड करणारा लाल शिक्का नको; २०१७च्या एचआयव्ही कायद्यानं गोपनीयता हा तिचा हक्क आहे. कर्नाटकातल्या केंद्रांशीही हीच पद्धत ठरवून घ्यावी, आणि आदेश गाळप हंगामाच्या आधी निघावा. टोळ्या निघून गेल्यावर निघालेला आदेश पुढच्या वर्षीचा.

आपले,
माता-बाल एचआयव्ही प्रतिबंधात काम करणारे समुपदेशक व परिचारिका