उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांना

मामा, नमस्कार.

बिल दिलं तेव्हा घाईत होते, आभार मानायचे राहून गेले. म्हणून हे पत्र.

मंगळवारी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला होतं. डोळ्यात धूळ जाऊ द्यायची नाही, म्हणजे येताना काचा बंद. एप्रिलचं ऊन, आणि नेमका शनिवारी गाडीचा एसी गेला. नुसता गरम वारा. आधीच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून दोन मिनिटांत सांगितलं, कॉम्प्रेसर गेला, चोवीस हजार. गेल्या उन्हाळ्यात गॅस भरून देणाराही तोच.

तुम्ही मात्र हत्यार हातात घ्यायच्या आधी मला जवळ बोलावलंत. "ताई, एसी चालू करतो, टक् आवाज येतोय का ऐका." आला नाही. फ्यूज बघितला, हॉर्नचा रिले, म्हणजे करंट जोडणारा छोटा स्विच, काढून एसीच्या जागी लावला, तरी नाही. मग इंजिन बंद करून बॅटरीवरून कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणाऱ्या क्लचला थेट करंट दिलात आणि टक्! "क्लच जिता हाय. ह्याला वरनं हुकूमच येत न्हाई." गॅसचं प्रेशर फार उतरलं की स्विच क्लचचा करंट तोडतो, कॉम्प्रेसर कोरडा फिरून खराब होऊ नये म्हणून, हे मला तेव्हा कळलं.

"पण गॅस तर गेल्या वर्षीच भरलाय," मी म्हटलं.

"गॅस काय पेट्रोल हाय व्हय, जळून संपायला? कुठनं तरी गेलाय त्यो."

मग टॉर्च लावून कंडेन्सरच्या, म्हणजे गॅस थंड करणाऱ्या जाळीच्या, पाइपाचा सांधा दाखवलात. बोटाएवढा तेलकट काळा डाग, वर धूळ चिकटलेली. गॅसबरोबर तेल फिरतं, गॅस निसटतो तिथं ते मागं राहतं. नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावला तर बारीक बुडबुडे, एकामागून एक. आत चिरलेली एक रबरी ओ-रिंग. चोवीस हजारांचा कॉम्प्रेसर म्हणजे हीच. राग आला, हसूही आलं.

रिंग बदलल्यावर मी गॅस भरायची घाई करत होते. तुम्ही अर्धा तास व्हॅक्यूम पंप लावून काट्यावर नजर ठेवून बसलात, मलाही चहा पाजलात. आतली ओल काढली नाही तर ती गोठून वाट अडवते, म्हणालात. गॅसही अंदाजे नाही, बॉनेटखालच्या स्टिकरवर वाचून काट्यावर तोलून, ४३० ग्रॅम. सगळे मिळून एकोणीसशे रुपये.

मंगळवारी बाबा काळा चष्मा लावून मागं बसले होते. हातकणंगल्याच्या पुढं म्हणाले, "जरा कमी कर की, पाय गारठलं."

तुम्ही कॅबिन फिल्टर बदला म्हणाला होतात, ते अजून राहिलंय. रविवारी येते. चहा माझ्याकडून.