मृग लागला की वाळपईला या

वाळपई, गोवा,
३ ऑगस्ट २०२१

ती. आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

फोन मध्येच तुटतो, आणि लागला तरी पुण्याला दादाच्या घरी सगळे भोवती जमून ऐकत असतात. त्यात सविस्तर बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसले. बाबा, पत्र दादाकडून वाचून घ्या, तुम्ही डोळ्यांना ताण देऊ नका. थेंब वेळच्या वेळी घालताय ना?

आधी माणसांचं सांगते. पुरातून वाड्यावरची सगळी माणसं सुखरूप आहेत. कपिला आणि तिचं वासरू गोठा सोडून देवळामागच्या डोंगरावर चढले होते, दुसऱ्या दिवशी आपले आपण खाली आले. खालच्या घरातल्या काकांकडची आजीही बरी आहे, पेज खाते, तुमची आठवण काढते. घराचं पुढे लिहिते.

गुरुवारी २२ तारखेला संध्याकाळच्या बसने मी घरी गेले होते. शनिवारी गुरुपौर्णिमा, तर देवघरातली तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासून ठेवावीत आणि शुक्रवारी परतावं असा बेत होता. रात्रभर पाऊस खंड न घेता पडत होता. आवाज पावसाचा की म्हादई नदीचा हे कळेनासं झालं. पहाटे मागच्या दारी काहीतरी आपटलं म्हणून उठले, तर कुळागरात, माडापोफळींच्या बागेत पाणी, आणि त्यावर आपल्या सोललेल्या नारळांची रास तरंगत निघालेली. पाणी नदीच्या अंगाने आलंच नव्हतं. नदी इतकी भरली होती की व्हाळाचं, आपल्या ओढ्याचं पाणी तिच्यात शिरेना, ते उलटं फिरलं आणि माडापोफळींतून थेट आपल्या मागच्या दाराशी आलं. त्यात पौर्णिमा तोंडावर. समुद्राची भरती मांडवीतून, आपल्या म्हादईच्याच खालच्या अंगातून, गांजे गावापर्यंत वर चढते हे बाबा तुम्हीच आम्हाला लहानपणी दाखवायचात. खालून भरती आणि वरून घाटाचं पाणी अशी गत झाली तर आपल्या वाड्यासारख्या सखल जागेचं काय होणार?

मी ओरडत काकांकडे गेले. ते सोप्यावर बसून पायऱ्या बघत होते. म्हणाले, "बाबांचे रेघेमेरेन पावचें ना गो, भिवूं नाका." तुमच्या रेघेपर्यंत पाणी पोचायचं नाही म्हणे. आपल्या खांबावरची तुमची ८२ सालच्या पुराची रेघ अख्ख्या वाड्याला पाठ आहे. कोणीही घाबरलं की तीच आठवायची, पाणी त्या वर्षी तिथे थांबलं होतं, त्याच्या वर जायचं नाही. शुक्रवारी पाणी पायरीवरून उंबऱ्यावर यायला चहाला उकळी यावी इतकाच वेळ लागला. मग मात्र काका उठले.

आजीला उठवायचं कसं हा मोठा प्रश्न होता. खाटेसकट नेलं असतं तर दारातून खाट निघाली नसती. शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिला पंचाने बांधलं आणि चौघांनी खुर्ची खांद्याच्या वर धरून नेली. वाटेत पाणी कमरेच्या वर होतं. वरच्या आंब्यापासून देवळाच्या पायरीपर्यंत पोरांनी दोर बांधला होता, तो धरून बाकीच्या बायका आणि मुलं गेली. आई, तुझे देव मी टोपलीत घालून डोक्यावर घेतले होते. आजोबांची कागदपत्रांची पेटी माळ्यावर होती ती तिथेच राहिली, म्हणून वाचली.

देवळाच्या सभामंडपात आम्ही सगळे जमलो तेव्हा उजाडलं होतं. तिथून खाली पाहिलं तर आपली वाट कुठे, शेत कुठे, नदी कुठे काही कळत नव्हतं. पाणी लाल होतं आणि त्यातून अख्खी झाडं मुळांसकट जात होती. कोणाचा गॅसचा सिलिंडर, कोणाची कणगी, कोणाची कोंबड्यांची खुराडी. वीज गेली, फोन गेले. पैकुळचा पूल गेल्याची बातमी कोणीतरी डोंगरावर चढून रेंज मिळवून आणली. त्याच दिवशी दूधसागर आणि सोनावळीच्या मध्ये दरड कोसळून मंगळूरहून मुंबईला जाणारी गाडी रुळांवरून घसरली. आदल्या दिवशी चिपळूण बुडालं होतं, तळियेवर डोंगर कोसळला होता, आणि मग कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्गही पाण्याखाली गेला. दादा गाडी घेऊन निघतो म्हणत होता, त्याला तुम्ही अडवलंत हे फार बरं केलंत.

मंडपात पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त हाल सुक्या लाकडाचे झाले. तांदूळ होते. वरच्या घरातल्या वहिनीने आपला उकड्या तांदळाचा डबाच आणून ठेवला. पण चूल पेटेना. शेवटी देवळाच्या मागे कोरड्यात ठेवलेली नारळाची सोडणं मिळाली आणि त्यांच्यावर मोठ्या टोपात पेज रटरटली. पेज, लोणचं आणि भाजलेले सुके बांगडे. मंडपात मासळी नको म्हणून बांगडे बाहेर पडवीत भाजले, आणि भटजींनीच सांगितलं की आज मुलांना जे मिळेल ते घाला. ज्या दोन घरांचं बांधावरून वर्षानुवर्षं बोलणं बंद आहे (तुम्हाला ठाऊक आहेत), त्या घरांच्या दोघी बायका एका टोपाशी उभ्या राहून आळीपाळीने ढवळत होत्या. तोंडावर मास्क होतेच, कोविड काही पुरामुळे गेला नव्हता. संध्याकाळी वाळपईहून आमचे हे आणि त्यांचे मित्र पाव, मेणबत्त्या आणि औषधं घेऊन जिथवर गाडी आली तिथवर गाडीने आणि पुढे चालत आले. वाळपईतल्या पोदेराने पावाचे पैसे घेतले नाहीत. पूर आलेल्या गावांसाठी त्याने रात्रभर भट्टी चालू ठेवली होती.

आता घराचं. पाणी तुमच्या रेघेच्या वर गेलं, बाबा. चांगलं वीतभर वर. मी भिंतीवर कोळशाने खूण केली आहे, आल्यावर पाहाल. फ्रिज उताणा पडला होता. तो आणि मिक्सर कोणी लावून बघितलेला नाही, इलेक्ट्रिशियन मीटरची पेटी बदलून देईपर्यंत मेन स्विच बंदच ठेवलाय. गाद्या गेल्या. आई, तुझी शिवणाची मशीन गेली नाही, पण तेलपाणी करून घ्यावं लागेल. आल्बममधले तुमच्या लग्नाचे फोटो एकमेकांना चिकटले आहेत. कोणी ओढून सुटे करू नयेत म्हणून मी ते तसेच थंड पाण्यात सोडवले आणि सावलीत दोरीवर वाळवले. बरेचसे वाचले.

चिखलाचं काकूने फार शहाणपणाने केलं. पाणी ओसरायला लागलं तसं तिने सगळ्यांना हाका मारल्या, की अजून घोटाभर पाणी आहे तोवरच केरसुणीने गाळ ढवळत पाण्याबरोबर बाहेर काढा, एकदा तो बसला आणि वाळला की खोरं लागेल. ज्यांनी तिचं ऐकलं त्यांची घरं दोन दिवस लवकर धुवून निघाली. पण तिच्या स्वतःच्या घराची मागची भिंत मातीची. पुरात ती उभी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पडलं, आणि आम्ही अंगणात बसलेलो असताना ती आतल्या आत बसली. आत कोणी नव्हतं. आपली चिऱ्याची भिंत टिकली, पण गिलावा सुटलाय, तो पूर्ण सुकेपर्यंत काही करता येणार नाही.

विहीर पंपाने उपसून घेतली, आरोग्य केंद्रातून पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आणून टाकली. तरी पाणी मी अजून उकळूनच देते. चिखलात उतरलेल्यांना लेप्टोचा ताप होऊ नये म्हणून गोळ्या दिल्यात. साप बरेच निघाले. माळ्यावर एक अजगराचं पिल्लू होतं, वनखात्याची माणसं घेऊन गेली.

कुळागराचं बाबा तुमच्या मनाला लागेल म्हणून सगळ्यात शेवटी लिहायचं ठरवलं होतं, पण लिहितेच. माड उभे आहेत. पोफळींत व्हाळाकडच्या दोन रांगा आडव्या झाल्या. केळी सगळ्या गेल्या, मिरवेली काही झाडांवरून ओरबाडून निघाल्या. मुळांशी गाळ बसलाय तो आम्ही काढतोय आणि पाट मोकळे केलेत, नाही तर पाणी साचून उरलेल्या पोफळीही पिवळ्या पडतील. सुपारी सडवणाऱ्या कोळेरोगाची दुसरी बोर्डो मिश्रणाची फवारणी पावसाने उघडीप दिली की लगेच करायची, गडी ठरवलाय. वाळपईच्या कृषी कार्यालयात तुमचं कृषी कार्ड दाखवून शेतकरी आधार निधीचा अर्ज भरलाय. घराचा पंचनामा तलाठ्यांनी फोटो काढून केला. अडचण एकच, उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे. सत्तरी तालुक्यात निम्म्या घरांची हीच कथा, जमीन कसतो एक आणि कागदावर दुसराच.

मुख्यमंत्री येऊन पाहून गेले. १९८२ नंतरचा हा सगळ्यात मोठा पूर असं ते म्हणाले, पेपरातही तेच छापून आलं. ते वाचून तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे, की एवढा पूर चाळीस वर्षांत एकदा येतो, पुढचा बघायला आम्ही कुठे असणार. बाबा, असं म्हणू नका. ८२ साली पाणी रात्रभर हळूहळू चढत होतं असं तुम्ही सांगता. तुम्ही भात माळ्यावर टाकलंत, गुरं वर नेलीत, आईला आणि तान्ह्या दादाला देवळात पोचवलंत आणि मग परत येऊन रेघ मारलीत. तेवढा वेळ नदीने तेव्हा दिला. तेव्हा वरचे डोंगर एवढे कापलेले नव्हते, काठावर बांबूची बेटं होती, पात्रात एवढा गाळ नव्हता. आता आठवड्याचा पाऊस एका रात्रीत पडतो आणि घाट इतका जवळ की ते पाणी काही तासांत आपल्या दारात उभं राहतं. ज्या रेघेने आम्हाला इतकी वर्षं धीर दिला, तिच्यावर विसंबून काका त्या पहाटे बसून राहिले होते. तुम्ही घरी असतात तर तुम्हीही बसला असतात. आईचे गुडघे, तुमचा डोळा, अंधार आणि कमरेवर पाणी, मला तो विचार पुरा करता येत नाही.

म्हणून मागणं असं. पुढच्या वर्षीपासून मृग लागला की तुम्ही दोघांनी वाळपईला आमच्याकडे यायचं आणि चतुर्थीला घरी परत जायचं. चतुर्थी आपल्या घरातच होईल, गणपतीवरची फळापानांची माटोळी तिथेच बांधू. कपिलाला मी काकांच्या वरच्या गोठ्यात ठेवायचं बोलून ठेवलंय. कुळागरात हे दर दोन दिवसांनी मोटारसायकलने चक्कर मारतील, आणि बाबा, उघडीप असेल त्या दिवशी तुम्हीही त्यांच्याबरोबर जा, दिवसभर थांबा, संध्याकाळी या. तुमचं कुळागर कोणी तुमच्यापासून काढून घेत नाही.

आई, तुझं म्हणणं मला न बोलताच ऐकू येतं. लेकीच्या घरी चार दिवस पाहुणचाराला जावं, तीन महिने राहू नये, जावयाला काय वाटेल, गाव काय म्हणेल. जावयाला काय वाटतं ते त्या चिखलातून पाव डोक्यावर घेऊन आलेल्या माणसाला विचार. आणि माझ्या सासूबाईंशी मी बोलले आहे. त्या म्हणाल्या, "त्यांना सांग, खोली मी रिकामी केलीय. मला दुपारी बोलायला कोणी नसतं." त्यांनी खरंच मागची खोली झाडून घेतली, तिथे खाट टाकली, आणि देव ठेवायला एक कोनाडाही मोकळा केला. लग्न करून दिलंत तेव्हा तुम्ही मला म्हणाला होतात की हे घर तुझंच आहे, केव्हाही ये. मी केव्हाही येत राहिले. तुम्हाला मात्र माझ्या घरी यायला कारण लागतं, निमंत्रण लागतं, हे मला फार लागतं. दादा इतक्या लांब. मी अर्ध्या तासावर असून तुम्ही पाण्यात एकटे राहायचं, हे मी होऊ देणार नाही.

आता लगेच निघायची घाई मात्र नको. रस्ता सुरू झालाय, पण घरात ओल आहे आणि आईचा दमा उठेल. चतुर्थी १० सप्टेंबरला आहे, त्याआधी आठवडाभर या, तोवर चुना मारून होईल. दादाला सांगा, उताऱ्याच्या म्युटेशनसाठी, म्हणजे फेरफारासाठी, त्याच्या आणि आत्याच्या सह्या लागणार आहेत. कागद मी पोस्टाने पाठवते, आत्याकडे तो स्वतः घेऊन जाऊ दे. डॉक्टरांनी डोळ्याच्या तपासणीची पुढची तारीख दिली की कळवा, त्या हिशेबाने हे तुम्हाला आणायला पुण्याला येतील. आणि आई, वहिनीकडून तिच्या त्या मेथीच्या लाडवांचं प्रमाण लिहून आण, काकूला बाळंतिणीसाठी हवंय. तिच्या सुनेला दिवस भरत आलेत.

दादा-वहिनींना आणि मुलांना आशीर्वाद व नमस्कार.

तुमची,
बाय