फ्रिजवरचा कागद

पुणे, ३० नोव्हेंबर

प्रिय मंगू,

दिवाळीत फराळाचा फोटो पाठवून मी जी गप्प बसले ती आजपर्यंत. तुझे दोन फोन आले, मी घेतले नाहीत. रागावली असशील तर राग, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर बोलता येत नाही, कारण आई हल्ली माझ्याच खोलीत झोपते आणि हा विषय तिच्या कानावर गेला तर संपलंच. तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू आहे. आईचा मोतीबिंदू झाला, डोळा छान आहे.

तर झालं असं. पंधरा दिवसांपूर्वी पोरीने फ्रिजवर एक कागद चिकटवला. पेनाने काढलेला नकाशा. पुणे, कापूरहोळ, भोर, वरंध घाट, महाड, रायगड, पोलादपूर, आंबेनळी, प्रतापगड, महाबळेश्वर, वाई, पुणे. खाली लिहिलं होतं, २४ ते २८ डिसेंबर, सायकल, एकटी. दूध काढायला गेले आणि दार उघडं टाकून तिथेच उभी राहिले. आपलीच वाट गं! नासरापूरला बनेश्वरापाशी थांबायचं हेसुद्धा तसंच. मी तिला हा रस्ता इतक्या वेळा सांगितलाय की तिला पाठ झालाय.

आणि मी म्हटलं, ‘मुलीच्या जातीनं एकटीनं घाट उतरायचे नसतात.’

मंगू, हे माझ्या आईचं वाक्य आहे. शब्दन् शब्द. आपण सदाशिव पेठेतल्या त्या जिन्यात बसून या वाक्यावर किती रडलो होतो, आठवतंय? ते माझ्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं. पोरगी रडली नाही. शांतपणे म्हणाली, ‘तू गेलीस तेव्हा दहा जणी होतात आणि बरोबर मॅडम होत्या. म्हणजे तुला कुणीतरी जाऊ दिलं. मला का नाही?’

दहा जणी आणि मॅडम! तीस वर्षं झाली तरी आपलं ते खोटं या घरात जिवंत आहे. आई अजून पाहुण्यांना सांगते, आमची शैला कॉलेजच्या कॅम्पबरोबर रायगडाला सायकलने गेली होती. मीही तेच सांगत आले, लग्नानंतर ह्यांना, मग पोरीला. खरं काय ते तुला आणि मलाच ठाऊक. तू, मी आणि दोन लेडीज सायकली. गिअर नाहीत, तुझ्या कॅरिअरला बांधलेली वळकटी, आणि पंक्चरचं सोल्यूशन वहिनीच्या मेकअपच्या डबीत.

ती संध्याकाळ मी कुणालाच सांगितलेली नाही. तू सांगितलीस का गं कधी? वरंध घाटातल्या वाघजाईला आपण साडेचारला पोचलो होतो. तिथून लगेच निघालो असतो तर उजेडात खाली उतरलो असतो, पण तुला भज्यांची दुसरी प्लेट हवी होती. (नाही म्हणू नकोस. माझ्या डायरीत आहे, ‘मंगूने दुसरी प्लेट घेतली, आम्ही भांडलो.’ तिसरीसुद्धा मागवणार होतीस.) मग उतारावर तुझ्या मागच्या ब्रेकचं रबर संपलं. रिमला हात लावलास आणि ओरडलीस, इतकी ती तापली होती. मी बाटलीतलं पाणी ओतलं तर चर्र आवाज झाला आणि जळक्या रबराचा वास सुटला. तो वास मला आजही येतो, रस्त्यात कुणी करकचून ब्रेक मारला की येतो. आपण सायकली हातात धरून चालायला लागलो आणि बघता बघता काळोख झाला.

आणि ती जीप. पहिल्यांदा गेली तेव्हा आपण हात केला होता. दुसऱ्यांदा उलटी आली ती दिवे बंद करून. तिसऱ्यांदा आली तोवर आपण कारवीत आडव्या पडलो होतो, सायकली पालथ्या घालून. तू माझं मनगट असं धरलं होतंस की दुसऱ्या दिवशी महाडला वळ दिसत होते. माणसं उतरली, हसली, गेली. काहीही झालं नाही. स्वतःला मी नेहमी हेच सांगते, काहीही झालं नाही.

मग तो कंदील. आजींनी आपल्याला काही विचारलंच नाही, फक्त म्हणाल्या, ‘पोरींनो, आधी हात धुवा.’ तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी, आणि वर आपल्याला मधे झोपवून स्वतः दाराला पाठ लावून बसल्या रात्रभर. सकाळी त्यांच्या मुलाने जुन्या टायरच्या चपलेचा तळ कापून तुझ्या ब्रेकला रबर करून दिलं. त्या चपलेच्या रबरावर तू आंबेनळी चढलीस, पसरणीचा घाट उतरलीस आणि पुण्याला आलीस. पैसे घेतले नाहीत त्यांनी. आणि आपण, दोन शिकलेल्या मुली, त्यांचं नाव विचारायचं विसरलो.

आता सांग, पोरीला यातलं काय सांगू? जीप सांगितली तर कंदील सांगावा लागतो, आणि कंदील सांगितला की ती म्हणेल, बघ, माणसं चांगली असतात, मी चालले. नुसती जीप सांगितली तर मी तिला तीच भीती देते जी आईने मला दिली. फरक एवढाच की आईकडे कारण नव्हतं आणि माझ्याकडे आहे. की नाही आहे? तीस वर्षांपूर्वीच्या एका जीपवरून आजच्या पोरीचा रस्ता अडवायचा? रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी याच्यावर उलटसुलट करते.

गेल्या रविवारी तर मी कहर केला. घरी सांगितलं शाळेचं शिबिर आहे (पुन्हा खोटं!) आणि स्कूटर घेऊन पहाटे निघाले, एकटी, वाघजाईपर्यंत. भोर सोडलं की आता नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता जातो. आपल्या वेळी हे पाणी नव्हतं. निळंशार, वळणावळणाला दिसत राहतं, तुला वेड लागलं असतं. घाटात ठिकठिकाणी डोंगर कापलाय, लाल माती उघडी पडलीय. पावसाळ्यात हा घाट बंदच ठेवतात, दरडींमुळे. २०२१च्या जुलैत तळीयेवर डोंगर आला तो याच महाड तालुक्यात. डिसेंबरात दरडीची भीती नाही हे मला कळतं, तरी मी कापलेल्या कडांकडे बघत राहिले. मोबाईलची रेंज मधेच गेली ती बराच वेळ आलीच नाही. वाघजाईला माकडं तशीच, भजी तशीच. एकच प्लेट घेतली. तिथून खाली कोकण दिसत होतं, कावळ्या किल्ल्याची सोंड दिसत होती, आणि मला आपलं वळण ओळखायचं होतं, पण वळणं सगळी एकसारखी. आजींचं घर शोधायला खाली उतरणार होते. उतरले असते तर परतायला रात्र झाली असती. स्कूटर वळवली.

तू म्हणशील, दुसरा रस्ता सुचव, ताम्हिणीने जाऊ दे. सुचवला. ती हसली. तिला हीच वाट हवी आहे आणि याच तारखा, कारण २५ डिसेंबरला तिला महाडात असायचंय. १९२७ साली त्या दिवशी तिथे मनुस्मृती जाळली, आणि त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर तू ओंजळीत पाणी घेऊन किती वेळ उभी होतीस, आजोबांचं काहीतरी पुटपुटत होतीस, ते मीच तिला सांगितलंय. त्या दिवशी तिथे जाऊ पाहणाऱ्या पोरीला मी म्हटलं, ‘मुलीच्या जातीनं.’ मंगू, लाज वाटते गं मला.

बाकीचा रस्ता मला काळजीचा वाटत नाही, खरंच. पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी सायकल ठेवून ती गड चढेल. आपल्या वेळी रोपवे नव्हता, तिला असूनही नको आहे. महाडहून पोलादपूरला जाताना आपण ज्या जुन्या पुलावर उभ्या राहून चिकू खाल्ले, तो सावित्रीचा पूल २०१६च्या ऑगस्टमध्ये रात्री वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या घेऊन. आता नवा आहे. पोलादपूर ते महाबळेश्वर चाळीसेक किलोमीटरचा चढ तिच्या गिअरच्या सायकलला जड नाही. पारला कोयनेवरचा शिवकालीन पूल बघ म्हटलंय. अफझलखानाचं सैन्य महाबळेश्वरहून पारला उतरलं तो रडतोंडीचा घाट, हे नाव ऐकल्यावर ती म्हणाली, ‘मंगूमावशीला तुम्ही रडतोंडी म्हणायचात ते यावरून?’ यावरूनच. चढभर रडत होतीस. मेणवलीची घंटासुद्धा सांगितली, चिमाजीअप्पांनी वसई घेतल्यावर आणलेली, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत ती. तू ती वाजवलीस आणि नदीवरचा अख्खा घाट आपल्याकडे बघायला लागला.

तर आता माझं मागणं. मला तिला खरं सांगायचंय. दहा जणी नव्हत्या, मॅडम नव्हत्या, जीप होती, आजी होत्या, सगळं. पण ते अर्धं तुझं आहे. तू आप्पांच्या गळ्याची शपथ घेऊन खोटं बोलली होतीस, आणि आप्पा गेले ते ‘माझी मंगू कधी खोटं बोलली नाही’ असं म्हणतच गेले. हे कुणाला कळू नये असं तुला वाटत असेल तर मी तोंड उघडणार नाही, दुसरं काहीतरी करीन. सांगू का नको, एवढं कळव. आणि सांगायचं असेल तर तू इथे येऊन माझ्याबरोबर बसशील का? तुझ्यासमोर मला जीपचं नीट सांगता येईल. एकटीला जमेल असं वाटत नाही.

तुझ्या सासूबाईंचं प्लास्टर निघालं का? इंदूरला थंडी पडली असेल. नव्या शाळेत रुळलीस ना? चिरंजीवांच्या निकालाचं कळलं, फार आनंद झाला, पेढे उधार.

काल रात्री सगळे झोपल्यावर पार्किंगमध्ये गेले. तिच्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत, रबराची भानगडच नाही. तरी दोन्ही लिव्हर दाबून पाहिले, चाक फिरवून पुन्हा दाबले. वर आले तर ती स्वयंपाकघरात पाणी पीत उभी होती. कुठे गेली होतीस म्हणाली. मी म्हटलं, कचरा टाकायला. फ्रिजवरचा कागद तिने काढलेला नाही, मीही नाही.

१५ तारखेच्या आत कळव. पत्रच लिही, फोन नको.

तुझी,
शैला