यिर्मयाचं खरेदीखत

कॅम्प, बेळगाव

चि. बाय हिस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

काल फोनवर तू विचारलंस, "देवाला मला जर्मनीला न्यायचंच आहे, तर तो सरळ का नेत नाही?" आणि क्लासची वेळ झाली म्हणून ठेवलास. अशा प्रश्नाला घाईत उत्तर नसतं, म्हणून लिहायला बसले. तिकडे नोकरी लावून देणाऱ्या एजंटाचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय.

आधी परीक्षेचं. जर्मन भाषेच्या बी-2 परीक्षेचे चार भाग वेगवेगळे धरतात, प्रत्येकात 100 पैकी 60 लागतात. तुझा फक्त बोलण्याचा राहिला आणि तेवढाच पुन्हा देता येतो. त्यातही छोटं भाषण तुला जमतंय, जोडीदाराशी चर्चा करताना तू गप्प होतेस. मग खोलीतल्या मुलीला समोर बसवून रोज तेवढंच मोठ्यानं बोल. यात देवाची नामर्जी शोधू नकोस गे. प्रत्येक अडथळा म्हणजे देवाचा नकार नव्हे. प्रेषित पौलाला आशियात आणि बिथुनियात जायची वाट मिळाली नाही, तरी तो चालत राहिला आणि त्रोवसला पोचल्यावर मासेदोनियाचं बोलावणं आलं. प्रेषितांची कृत्ये 16 वाच.

पण तुझ्या प्रश्नाला यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 32 वा अध्याय जास्त लागू पडतो. 29 व्या अध्यायातलं 11 वं वचन, देवाच्या मनात आपल्या हिताचेच संकल्प आहेत ते, आपल्या सगळ्यांच्या भिंतीवर असतं, त्याच्या वरचं 10 वं कोणी टांगत नाही. त्यात बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना 70 वर्षं थांबायचं आहे. थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून नव्हे. घरं बांधा, मळे लावा, असं यिर्मयानं त्यांना धाडलेल्या त्याच पत्रात लिहिलंय. आपल्या भागाला हे वेगळं सांगायला नको. सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, म्हणून इथं कोणी घर बांधायचं थांबलं नाही.

तर 32 वा अध्याय. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि देव त्याला चुलतभावाचं अनाथोथचं शेत विकत घ्यायला सांगतो. तो घेतो. 17 शेकेल रुपं तोलून देतो, खतावर सही करतो, साक्षीदार घालतो. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन मातीच्या भांड्यात ठेवायला लावतो, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. हे सगळं उरकल्यावर मग तो प्रार्थना करतो, आणि त्या प्रार्थनेत तुझाच प्रश्न आहे: नगर तर शत्रूच्या हाती चाललं, आणि तू मला शेत घे म्हणतोस! देव त्याला रागवत नाही, उत्तर देतो: या देशात पुन्हा शेतं विकत घेतली जातील. पुढे लोक यिर्मयाला मिसरात घेऊन गेले. त्या शेतात तो कधी राहिला असं शास्त्रात कुठं नाही. तरी खत खोटं ठरलं नाही.

म्हणून म्हणते, भरवसा ठेवणारा माणूस कागद ढिला सोडत नाही. मूळ मार्क्स कार्डं आणि नर्सिंग कौन्सिलचं सर्टिफिकेट त्या एजंटाच्या ऑफिसात "फाइलला" ठेवू नकोस. अपोस्टिलला, म्हणजे कागद परदेशात चालावेत म्हणून करायच्या सरकारी साक्षांकनाला, मूळ कागद द्यावे लागतात, ते खरं: आधी राज्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं स्टिकर. पण देताना प्रत्येक कागदाचं नाव आणि तारीख असलेली पोचपावती घे, आणि परत कधी मिळणार ते तिच्यावरच लिहून घे. बाकी ठिकाणी झेरॉक्स. एजंटाचा नोंदणी क्रमांक ईमायग्रेटच्या सरकारी पोर्टलवर तपास. त्यांची फी 30,000 रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. जास्त मागितले तर तिथूनच उठ. आणि मूळ कागद अडकवून ठेवले की माणसाला नको त्या करारावर सही करावी लागते, म्हणून

बघ, काढलाच विषय. माफ कर. तू आयसीयूत रात्रपाळ्या केलेली मुलगी, तुला पावती कशी घ्यायची ते मी शिकवतेय. नर्सिंगच्या लॅम्प लायटिंगच्या दिवशी तू शपथ म्हणताना आजीनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. तुझा आवाज सगळ्यांत स्पष्ट होता. त्या दिवसापासून तू कुठंतरी लांब जाणार हे मला कळलंच होतं, फक्त जर्मनी एवढी लांब असेल असं वाटलं नव्हतं.

प्रार्थना जमत नाही म्हणतेस. लांब करू नकोस. फिलिप्पै 4:6 मध्ये मागणं आणि आभार एकत्रच आहेत, तसं वहीत दोनच ओळी लिही: आज काय हवं, आणि काल काय मिळालं. वर्षाचं मागू नकोस. रानात इस्राएल लोकांना देवानं दिलेला मान्ना, म्हणजे आकाशातली भाकर, तोही रोजचा रोजच वेचायचा होता, माणशी एक ओमर माप. उद्यासाठी ठेवला त्याला किडे पडले, शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या वाराच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट वेचायला सांगितलं होतं. वही कोरी राहिली तरी आठवड्याची उपासना चुकवू नकोस. भाषा कन्नड असो, इंग्रजी असो, मंडळीत जाऊन बस. तुझ्याच्यानं होत नाही तेव्हा बाकीचे तुझ्यासाठी म्हणतात.

भीती मलाही वाटते, बाय. रात्री तू एकटी तिथल्या थंडीत ड्यूटीवरून येतेयस असं दिसतं आणि झोप जाते. मग यिर्मयासारखंच देवाला विचारते.

दादाचा हप्ता या महिन्यात भरला, त्याची काळजी करू नकोस. आत्याला तुझा फोन हवाय, रविवारी दुपारी कर, सकाळी ती चर्चला असते. पैसे शनिवारी घालते. पावती मिळाली की फोटो पाठव, दोन्ही बाजूंचा.

तुझी,
मम्मी