सतीश शाह आणि दाराची बेल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२५ ऑक्टोबर २०२५ रोजी अभिनेते सतीश शाह गेले. त्यानंतर जे छापून आले, त्यात ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’चा इंद्रवदन आणि ‘जाने भी दो यारो’चा डिमेलो यांनीच बहुतेक जागा व्यापली. ‘ये जो है जिंदगी’ एका ओळीत उरकली गेली. माझी तक्रार त्या ओळीबद्दल आहे.

दूरदर्शनवर ही मालिका १९८४ मध्ये सुरू झाली. लेखन शरद जोशींचे (शेतकरी संघटनेचे नव्हेत, हिंदीतले व्यंगलेखक). शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी ही घरातली मंडळी ठरलेली. बाहेरून बेल वाजवून येणारा माणूस मात्र दर शुक्रवारी नवा, आणि तो बहुतेक वेळा सतीश शाहच! असे पन्नासहून अधिक नग त्यांनी उभे केले. घरच्यांना जम बसवायला अख्खी मालिका होती. या पाहुण्याला आल्या आल्या रंग भरायचा आणि भाग संपला की कायमचे निघून जायचे. मिशी, विग बदलून हे भागत नाही. बोलण्याची ढब, चाल, समोरच्याकडे बघण्याची तऱ्हा, सगळेच बदलावे लागते. त्यातून देह असा की दुरून ओळखू यावा. तरीही गेल्या आठवड्याचा माणूस आज आठवत नसे.

त्याआधी १९८३च्या ‘जाने भी दो यारो’त तर डिमेलो मेल्यावरच त्यांचे खरे काम सुरू होते. शवपेटीतून निघालेली ती स्वारी थेट महाभारताच्या रंगमंचावर, द्रौपदीच्या साडीत. भोवती नसीरुद्दीन शाह, ओम पुरी यांचा धुमाकूळ, आणि प्रेत झालेल्या सतीश शाहांनी हसायचे नाही, पापणी हलवायची नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकून आलेल्या नटाने प्रेतसुद्धा गाजवले!

पुढे हिंदी सिनेमाने त्यांना पुष्कळ काम दिले, पण बरेचसे ठोकळेबाज. ‘मैं हूँ ना’तला थुंकी उडवत शिकवणारा प्राध्यापक हशा घेतो, पण तेवढ्यावरच संपतो.

दूरदर्शनने ‘ये जो है जिंदगी’चे जे भाग उपलब्ध असतील ते दाखवताना प्रत्येक भागात शाह कोण झाले होते, हे नोंदवावे. आणि आपल्या रविवार पुरवणीने राकेश बेदी, स्वरूप संपत यांना त्या तालमींबद्दल लिहिते करावे, ही विनंती.

– एक वाचक