हिरवा ठिपका सशाबद्दल काही सांगत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत दिवाळीच्या खरेदीवर लेख होता. उटणं, साबण, अत्तर यांच्या गिफ्ट बॉक्सविषयी लिहिताना त्यात 'हर्बल आणि हिरव्या ठिपक्याचं प्रसाधन घेतलं की प्राण्यांना त्रास झाल्याची शंका उरत नाही' अशा अर्थाचं एक वाक्य होतं. मी साताऱ्यात एकवीस वर्षं ब्यूटी पार्लर चालवते. हाच समज माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणींचा असतो आणि कित्येक वर्षं माझाही होता, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

हिरवा ठिपका सांगतो तो घटकांबद्दल. साबणात चरबी नाही, लिपस्टिकचा लाल रंग किड्यांपासून काढलेला नाही, एवढं त्यावरून कळतं. तो साबण किंवा त्यातलं रसायन बाजारात येण्याआधी कोणाच्या कातडीवर चोळून पाहिलं, हे त्या ठिपक्यात कुठेच नसतं. उलट बाजूही तशीच आहे. मधमाशीचं मेण घातलेला लिप बाम व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच नसलेला, नसतो, पण तो कुठल्याही प्राण्यावर न तपासलेला असू शकतो. या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या नाहीत तर भल्या मनाने खरेदी करणारी बाईसुद्धा चुकीची वस्तू घरी आणते.

माझे डोळे एका अपघाताने उघडले. काही वर्षांपूर्वी ब्लीच कालवताना क्रीमचा बारीकसा ठिपका उडून माझ्या डावीकडच्या डोळ्यात गेला. मी बेसिनकडे धावले, नळाखाली डोळा धरला, मदतनीस मुलीने माझी पापणी उघडी धरली आणि मी पंधरा मिनिटं पाण्याचे हबके मारत राहिले. तरी दोन दिवस डोळा लालबुंद होता आणि उजेड सोसवत नव्हता. माझी मुलगी तेव्हा बी. फार्म.ला होती. त्या रात्री तिने मला ड्रेझ चाचणीबद्दल सांगितलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या जॉन ड्रेझ यांनी १९४४ मध्ये ती मांडली. सशाची खालची पापणी ओढून तिच्या खोबणीत पदार्थ टाकायचा आणि २४, ४८, ७२ तासांनी लाली, सूज आणि बुबुळावर आलेला ढगाळपणा पाहून गुण द्यायचे. काही वेळा हे निरीक्षण २१ दिवस चालायचं. ससा पंजाने डोळा चोळू नये म्हणून त्याला फक्त मान बाहेर राहील अशा खोक्यात अडकवून ठेवत. मला नळ मिळाला होता, हे त्या रात्री माझ्या डोक्यातून जाईना.

याविरुद्ध पहिला मोठा आवाज उठला तोही वर्तमानपत्रातूनच. १९८० मध्ये हेन्री स्पिरा या शिक्षकाने न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन विचारलं, सौंदर्यासाठी रेव्हलॉन किती ससे आंधळे करते? त्या प्रसाधन कंपनीला मग पर्यायी चाचण्यांच्या संशोधनासाठी साडेसात लाख डॉलर द्यावे लागले. आपल्याकडेही हा विषय आजचा नाही. पुण्यातली ब्यूटी विदाउट क्रुएल्टी ही संस्था १९७४ पासून तो मांडते आहे.

आपल्या देशाने या बाबतीत जे केलं त्याचा मला मनापासून अभिमान आहे. २०१३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने प्रसाधनांच्या मानकातून प्राण्यांवरच्या चाचण्या काढल्या. मे २०१४ मध्ये देशात प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला बंदी आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून, परदेशात प्राण्यांवर तपासलेली प्रसाधनं आयात करायलाही. २०२० च्या नव्या नियमांतही ती कायम आहे. इतका स्पष्ट कायदा अजूनही अनेक श्रीमंत देशांत नाही.

पण कायदा लागू होतो तो रीतसर आलेल्या मालाला. आयात प्रसाधनाच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक छापलेला असावा लागतो. माझ्या पार्लरला माल घालायला येणाऱ्यांपैकी एक जण मध्यंतरी सीरम, शीट मास्क आणि केसांच्या रंगाच्या ट्यूब घेऊन आला. 'ताई, बाहेरून आलाय, ओरिजिनल आहे, बिल नको असेल तर निम्म्यात देतो.' मी डबी उलटून पाहिली. मागे परक्या लिपीतला मजकूर होता, आयातदाराचा पत्ता नव्हता, क्रमांक नव्हता. असा माल पेठेतल्या दुकानांत आणि पार्लरच्या कपाटांत खुशाल दिसतो. ज्या डबीची नोंदच झालेली नाही, ती कशावर तपासली हे विचारायचं कोणाला? बाहेरच्या देशांत नियम वेगळे असतात. चीनमध्ये मे २०२१ पासून शॅम्पू, लोशन अशा साध्या आयात प्रसाधनांना काही अटींवर प्राण्यांवरच्या चाचणीतून सूट मिळू लागली, पण केसांचे रंग, सनस्क्रीन आणि रंग उजळवणारी क्रीम त्या सवलतीतून वगळली होती. पार्लरमध्ये सगळ्यात जास्त खपतात त्या नेमक्या याच तीन वस्तू.

कंपन्यांची भाषाही नीट वाचायला हवी. 'आम्ही प्राण्यांवर चाचणी करत नाही, कायद्याने आवश्यक असेल तिथे सोडून' असं लिहिलेलं असेल, तर ते 'सोडून' महत्त्वाचं. कारण मग जिथे सक्ती आहे तिथे माल विकण्यासाठी ती कंपनी चाचणी होऊ देते. 'तयार उत्पादनावर चाचणी नाही' हेही अर्धंच वाक्य आहे. त्यातली रसायनं कुठे तपासली, हे त्यात येत नाही. युरोपीय महासंघात मार्च २०१३ पासून प्राण्यांवर तपासलेल्या प्रसाधनांची विक्रीच बंद आहे. तरीही होमोसॅलेट या सनस्क्रीनमधल्या घटकासाठी, तो हाताळणाऱ्या कामगारांच्या सुरक्षिततेचं कारण देऊन, रसायनांच्या कायद्याखाली प्राण्यांवर चाचण्या मागितल्या गेल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने ती मागणी उचलून धरली. बारा लाखांहून अधिक नागरिकांनी बंदी बळकट करा म्हणून सह्या दिलेल्या असताना हे झालं, याचं मला फार वाईट वाटतं.

वेष्टनावर कोणीही सशाचं गोड चित्र छापू शकतं. उडी मारणाऱ्या सशाचं लीपिंग बनी हे चिन्ह मात्र असं घेता येत नाही. त्यासाठी कंपनीला एक तारीख ठरवावी लागते, त्या तारखेनंतर कच्चा माल पुरवणाऱ्यांकडूनही चाचणी न केल्याची हमी घ्यावी लागते आणि तपासणी करू द्यावी लागते. चित्रातला ससा ओळखीचा आहे का, हे बघायला दुकानात अर्धं मिनिट लागतं.

ग्राहक मला विचारतात, मग सुरक्षित आहे की नाही हे कळणार कसं? शस्त्रक्रियेत उरलेल्या मानवी त्वचेच्या पेशींपासून प्रयोगशाळेत त्वचेचे थर वाढवतात आणि त्यावर पदार्थ टाकून जळजळ होईल का ते पाहतात. २०१० पासून या पद्धतीला आंतरराष्ट्रीय मान्यता आहे. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेले शेकडो घटक आहेतच. आणि डाय लावण्याआधी कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबणं, ही पॅच टेस्ट तर माणसालाच करायची असते. सशाचा डोळा कितीही बिघडला तरी माझ्या समोर बसलेल्या ताईंना त्या डायची अ‍ॅलर्जी आहे का, हे कळत नाही. घाईत असलेल्या ग्राहकांना मी हे समजावते. काही जणी रागावून दुसरीकडे जातात, जाऊ देते.

संपादक महाराज, दोन विनंत्या आहेत. दिवाळीच्या तोंडावर अन्न व औषध प्रशासन खव्याचे आणि मिठाईचे नमुने घेतं, तेव्हा आपल्या पानावर ठळक बातमी येते. त्याच प्रशासनाने त्याच आठवड्यात आयातदाराचं नाव नसलेल्या प्रसाधनांसाठी दुकानं आणि पार्लरं तपासावीत, असा आग्रह आपण धरावा. माझ्या पार्लरपासून सुरुवात केली तरी चालेल. आणि येत्या रविवारी पुरवणीत हिरव्या ठिपक्याबद्दलची दुरुस्ती दोन ओळींत छापावी. माझ्याकडच्या सगळ्या जणी ती पुरवणी वाचतात.

आपली नियमित वाचक,
एक पार्लरचालक, सातारा