संस्थेच्या नावाने आलेल्या बनावट ई-मेलबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, "देखभाल शुल्काचे बँक खाते बदलले आहे, सोबतच्या लिंकवरून आजच भरणा करावा" असा सचिवांच्या नावाचा ई-मेल काही सभासदांना आला असून तो संस्थेने पाठविलेला नाही. संस्थेचे खाते बदललेले नाही.

ई-मेलमध्ये पाठविणाऱ्याचे नाव म्हणून कोणालाही हवे ते लिहिता येते, त्यामुळे नावावर विसंबून न राहता पूर्ण पत्ता उघडून अक्षर न् अक्षर वाचावा. इंग्रजी आर आणि एन ही लहान अक्षरे शेजारी आली की मोबाइलच्या पडद्यावर एमसारखी दिसतात, आणि फसवणूक करणारे नेमका याचाच फायदा घेतात. पत्ता तंतोतंत जुळला तरी तोही बनावट असू शकतो, किंवा खरे खातेच दुसऱ्याच्या हाती गेलेले असू शकते. म्हणून पैशांचा विषय असेल तेव्हा त्या ई-मेलला उत्तर न देता, आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर सचिवांना फोन करावा. रात्री उशिरा केला तरी चालेल.

ज्यांनी पैसे भरले असतील त्यांनी कृपया संकोच न करता तत्काळ बँकेला कळवावे व १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळण्याआधीच ती गोठविता येण्याची शक्यता अधिक असते. लिंकवर पासवर्ड दिला असल्यास तो लगेच बदलावा. मूळ ई-मेल पुसू नये. तक्रारीसाठी तो लागेल. ज्येष्ठ सभासदांना अडचण आल्यास समितीचे सदस्य घरी येऊन तक्रार भरून देतील.

सचिव, व्यवस्थापक समिती